सात नंबरचे ठिपके

शनिवारी सकाळी साडेआठला फोन वाजला आणि नुकताच डोळा लागलेली चिऊ दचकून रडायला लागली.

अलकनंदाने एका हाताने बाळाला थोपटत दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"अलका, सात नंबर झोपलाय," विष्णू म्हणाला. "उठत नाहीये."

"कधीपासून?"

"नोंदीतला झोपांचा आकडा काल संध्याकाळी सहाला अडकलाय. मी आत्ता आलो, तेव्हा दिसलं. तू ये. तपास तुझ्याकडेच आहे. आणि हे बघ, सरळ झोपेचं फंक्शन उघड. जागं करायचं राहू दे, उगाच वेळ जाईल."

"आले."

सरलाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, हात पुढे केले. "आण इकडे. माझ्याकडे पटकन झोपते ती."

आणि खरंच झोपली. दोन मिनिटांत. अलकनंदाला त्या घाईतही ते सललं. स्वतःच्या सासूचा हेवा करायचा म्हणजे हद्द झाली, असं मनाशी म्हणत तिने चपला पायात सरकवल्या आणि दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरचा जिना उतरली.

हेव्याचं तिला हल्ली जरा जास्तच झालं होतं.

फरीदाबादला, एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, त्यांची छोटी कंपनी. तिथे एकच वस्तू बनत होती. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या पोटावर बांधायचं, आगपेटीएवढं यंत्र. बाळाचा श्वास थांबला की ते कर्कश ओरडणार. बॅटरी पुरावी म्हणून यंत्राने दोन श्वासांच्या मध्ये झोपायचं आणि प्रत्येक श्वासाला जागं व्हायचं. कोणी कधी झोपायचं, कोणाला कधी उठवायचं, हे यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा ठरवतो. त्याला कर्नल म्हणतात. कर्नलमधली झोपवायची आणि जागं करायची फंक्शनं, म्हणजे त्या त्या कामाच्या ओळी, नीट चालतात का, हे बघणं हे अलकनंदाचं काम. लांब टेबलावर यंत्राच्या आतली बारा सर्किट-बोर्डं ओळीने मांडलेली. बाराही रात्रंदिवस झोपत होती, उठत होती, आणि दर झोपेला समोरच्या पडद्यावर एक ठिपका उमटत होता.

तिचं काम होतं, म्हणजे जानेवारीपर्यंत होतं. मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि फेब्रुवारीत तिच्या जागी सुनीती आली.

सुनीती दिल्लीतच वाढलेली, सव्वीस वर्षांची, सडसडीत. दिवसाचे दहा तास काम करायची आणि वर हसायची. जुलैत अलकनंदा परत आली तेव्हा तिच्या खुर्चीत सुनीती होती. तिच्या संगणकावर सुनीती होती. कंपनीच्या मालकांच्या, बळवंतरावांच्या, तोंडीही सुनीतीच. अलकनंदाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं आणि एक वाजता घरी जायची सवलत मिळाली. ही सवलत प्रत्येक जण अशा प्रेमाने बोलून दाखवायचा की तिच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

कालचंच घ्या. एकच्या ठोक्याला ती फाटकापासून दूर, वळणावर रिक्षाची वाट बघत उभी होती. तेवढ्यात सुनीतीची लाल गाडी येऊन थांबली. "चल ताई, मेट्रोपर्यंत सोडते." नाही म्हणायला कारण सापडेना. वाटेत एक ट्रक आडवा झाला आणि पाऊण तास त्या थंडगार गाडीत बसून तिला सुनीतीचं गाणं गुणगुणणं ऐकावं लागलं. उपकार करणाऱ्या माणसाचा राग येणं याच्याइतकं लाजिरवाणं दुसरं काही नसेल.

सोमवारी एका मोठ्या इस्पितळाची समिती यंत्र तपासायला येणार होती. त्याच दिवशी प्रकल्पाची मुख्य कोण, तेही जाहीर होणार होतं. कोण, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

एकट्या विष्णूदादाने तिच्या दुखऱ्या जागेवर फुंकर घातली होती. "तुझ्या तोंडचा घास पळवला गं पोरीने," तो म्हणायचा. सतरा वर्षांपासून कंपनीत असलेला, सगळ्यांत जुना माणूस. रजेवर जाताना तिने आपल्या संगणकाचा पासवर्डसुद्धा विश्वासाने त्याच्याच हाती दिला होता.

बळवंतराव कारखान्याच्या जिन्यातच उभे होते. मूळ ग्वाल्हेरचे, चिडले की त्यांचं मराठी फार शुद्ध होई.

"अलकनंदाबाई, चार वाजता मला समितीला कळवायचं आहे, या की थांबा. मला दोन गोष्टी हव्यात. चूक काय आणि चूक कोणाची. ज्याची असेल तो सोमवारी इथे नसेल. तान्ह्या मुलांचा प्रश्न आहे, दयामाया नाही."

"मीच का, सर?"

"ज्याने लिहिलं त्याने तपासायचं नाही, हा आपला नियम. शिवाय विष्णू म्हणाला, अलकाच हवी."

ऐकून तिला बरं वाटलं.

सात नंबरचा पडदा काळाकुट्ट होता. बाकीच्या अकरांवर ठिपक्यांच्या रांगा चालल्या होत्या. तिने खुर्ची ओढली, बोर्डाला तारा जोडल्या आणि आत डोकावली.

तासाभरात चूक सापडली. चूक जुनीच, पुस्तकात शिकवतात तशी. झोपायच्या आधी दोन कामं असतात. झोपणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव लिहायचं आणि ज्याची वाट बघतोय ते आलंय का, ते एकदा बघायचं. नाव आधी, बघणं नंतर. इथे क्रम उलटा होता.

मग तिने संगणकाला विचारलं, या दोन ओळी कोणाच्या? त्यासाठी एक आज्ञा असते. ती दिली की प्रत्येक ओळीसमोर माणसाचं नाव येतं.

सुनीती. सुनीती.

अलकनंदाच्या जिभेवर जणू गूळ विरघळला. लाजही वाटली, पण थोडीशीच. अकरा वाजले होते. तिने अहवाल उघडला आणि पहिलं वाक्य लिहिलं: चूक सुनीतीच्या हातची आहे.

तरी रीत म्हणून सुनीतीला बोलावून विचारायला हवं.

"या ओळी तुझ्या?"

सुनीतीने पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. "नाही यार, ताई. मी ती फाइल फक्त सीधी केली होती, मे महिन्यात. सगळी टेढीमेढी होती ना, ओळी पुढेमागे सरकलेल्या, ते काय म्हणतात मराठीत..."

"घडी घातलीस."

"हां, घडी! कपडे माझे नाहीत. मी नुसती घडी घातली. सच्ची."

"नाव तर तुझं आहे."

"असेल. सगळ्या फाइलवर माझंच असेल." ती वाकून सात नंबरकडे बघायला लागली. "पण ताई, याचे ठिपके कुठे गेले?"

"झोपलाय, म्हणून नाहीत."

"नाही गं. झोपायच्या आधीचे तरी दिसायला हवेत ना? हा तर पूरा खाली, म्हणजे रिकामा आहे."

"विषय बदलू नकोस. तुझ्या संगणकाचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. आणि तुला. तुझाच तर होता, मी बदललाच नाही." सुनीतीने ओठ चावला. "ताई, बाबा रिटायर झालेत. माझी नोकरी गेली तर..."

"तू जा. बोलावते नंतर."

मग विष्णू आला. हातात चहाचे दोन ग्लास.

"काय, सापडलं?"

"सापडलं. काल मी गेल्यावर टेबलापाशी कोण होतं, दादा?"

"मी जेवत होतो, समोरच. सुनीती होती. एकपासून पावणेदोनपर्यंत हलली नाही. तुझ्याच खुर्चीत, पाय वर घेऊन, महाराणीसारखी. तुझ्या जागी कोणी असं बसलेलं बघवत नाही गं मला."

तुझ्याच खुर्चीत. ते दोन शब्द तिच्या कानात असे काही शिरले की बाकीचं ऐकूच आलं नाही.

"लिहून टाक," विष्णू ग्लास पुढे सरकवत म्हणाला. "दुरुस्तीची काळजी नको. उद्या रविवार आहे, मी बसून करतो. सोमवारी समिती येऊ दे खुशाल."

ती लिहीत राहिली. मध्ये घरून फोन आला. चिऊ दूध प्यायली, खेळतेय, काळजी करू नकोस. अडीच वाजेपर्यंत अहवाल पुरा झाला. एकच रकाना उरला होता: सात नंबरवर हा कर्नल कधी आणि कुठून चढवला?

तिने नोंद बघितली. सुनीतीच्या संगणकावरून. शुक्रवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं.

तिने ते लिहिलं. आणि बोटं तशीच राहिली.

एक वीस.

एक वीसला ट्रक आडवा झाला होता. एक वीसला सुनीती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गुणगुणत होती आणि शेजारी तोंड फिरवून बसलेल्या बाईला विचारत होती, "एसी कमी करू का, ताई?"

खोलीत अकरा पडद्यांवर ठिपके चालले होते. अलकनंदा बघत बसली.

ही वेळ फक्त तिने पाहिली होती. काल एकला ती कुठे होती हे सुनीतीला कोणी विचारलं नव्हतं, आणि कर्नल कधी चढवला हे तिला माहीतच नव्हतं. रकाना रिकामा ठेवला तर? नुसती तारीख लिहिली तर? खोटं काहीच नाही. दोन्ही ओळींवर नाव सुनीतीचं, संगणक सुनीतीचा. सोमवारी ती खुर्ची मोकळी होईल.

ती बसून राहिली. कितीतरी वेळ.

मग मनात एक प्रश्न आला आणि तो काही केल्या जाईना. सुनीती नव्हती, तर विष्णूदादाला त्या खुर्चीत कोण दिसलं?

साडेतीनला चौघं त्या लांब टेबलापाशी जमली. बळवंतराव उभेच होते. सुनीतीने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. विष्णू भिंतीला टेकून उभा.

"चूक काय?" बळवंतरावांनी विचारलं.

"समजा, सर, दूधवाला बेल एकदाच वाजवतो," अलकनंदा म्हणाली. "घरातल्या बाईला दूध येईपर्यंत जरा पडायचंय. ती दार उघडून बघते, दूध नाही. आत जाते आणि पडते. पण बघणं आणि पडणं यांच्या मधल्या क्षणात तो बेल वाजवून गेला तर? झोपलेली कोणीच नव्हती, म्हणून कोणी उठलं नाही. आणि आता ती झोपलीय, तर बेल परत वाजणार नाही. ती कायमची झोपली. सात नंबर तसाच झोपलाय. म्हणून आधी यादीत नाव लिहायचं, मग दार बघायचं. तेवढ्यात बेल वाजलीच, तर यादीत नाव असतं, झोप मोडतेच."

"कळलं. आणि हे उलटं कोणी लिहिलं?"

"वरवर बघितलं तर सुनीतीने."

सुनीतीने मान खाली घातली.

"पण ती आज्ञा ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला तेवढंच सांगते, सर. सुनीतीने मेमध्ये सगळ्या फाइलची घडी घातली, म्हणून सगळ्या ओळींवर तिचं नाव आलं. मी तिच्या घडीखालच्या जुन्या नोंदी खणल्या. या दोन ओळी जानेवारीतल्या आहेत. तेव्हा सुनीती इथे आलीही नव्हती. लिहिल्यात विष्णूदादाने."

विष्णू हसला. "अगं, असेल. चूक कोणाच्याही हातून होते. मला कुठे माहीत होतं?"

"तुम्हाला माहीत होतं, दादा. त्याच महिन्यात, पंचवीस तारखेला, तुम्ही आणखी एक ओळ घातलीत. झोपायला जायच्या आधी पडद्यावर ठिपका छापायची. मी रजेवर गेले होते, सुनीती यायची होती, टेबल तुमच्या ताब्यात होतं. तेव्हा एखादं बोर्ड असंच झोपलं असणार. तुम्ही कारण शोधायला ठिपका घातलात, आणि झोपणं थांबलं."

"ठिपक्याने?" बळवंतरावांनी विचारलं.

"ठिपका छापायला वेळ लागतो, सर. तेवढ्यात दूधवाला येऊन जातो. मग बाई दार बघते, दूध दिसतं, ती पडतच नाही. चूक आत तशीच असते, फक्त दिसत नाही. आमच्या कामात हे सगळ्यांना एकदा तरी होतं. मग ठिपका काढून खरी चूक शोधायची असते. दादांनी शोधली नाही. तशीच झाकून ठेवली, सात महिने."

"पुरावा?" विष्णूचा आवाज बदलला होता.

"सुनीतीने सकाळीच दिला, मीच ऐकला नाही. सातचे ठिपके कुठे गेले, असं तिने विचारलं. काल एक वाजून वीस मिनिटांनी तिच्या संगणकावरून सात नंबरवर बिनठिपक्यांचा कर्नल चढवला गेला. ज्याला माहीत आहे की ठिपकाच चूक झाकतोय, तोच ठिपका काढेल. पासवर्ड तिघांना ठाऊक. मला, तिला आणि तुम्हाला. मीच दिला होता."

"मग ती किंवा तू!"

"एक वीसला आम्ही दोघी तिच्या गाडीत होतो, दादा. ओल्ड फरीदाबाद मेट्रोच्या अलीकडे, ट्रकमागे. मी वळणावरून बसले, म्हणून तुम्हाला वरून दिसलं नाही. सुनीती गाडीतून एकटीच गेली असं तुम्हाला वाटलं. आणि तुम्ही मला सांगितलंत की ती खुर्चीतून हललीच नाही."

सुनीतीने एकदम वर पाहिलं.

"आणि सकाळचा फोन. बंद पडलेल्या बोर्डाला बाहेरून बघून कोणी सांगू शकत नाही की चूक झोपण्यात आहे, जागं होण्यात आहे, घड्याळात आहे की बॅटरीत. मला आत शिरून तास लागला. तुम्ही बोर्ड न उघडता म्हणालात, झोपेचं बघ, जागं करायचं राहू दे."

विष्णू भिंतीपासून सुटा झाला. "सतरा वर्षं," तो म्हणाला, बळवंतरावांकडे बघत. "पहिलं बोर्ड मी या हातांनी जोडलं, तुमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर. तेव्हा विष्णू, विष्णू करत होतात. आणि मुख्य कोण? ही! कालची पोरगी! चूक उद्या मी दुरुस्त करणारच होतो. कोणाचं काही बिघडणार नव्हतं."

"माझं बिघडणार होतं," सुनीती हळूच म्हणाली.

"आणि ठिपका होता तोवर यंत्र नीट चालत होतं!"

"दादा," अलकनंदा म्हणाली, "इस्पितळात जाणाऱ्या यंत्राला पडदा नसतो. कारखान्यात यंत्रात कर्नल भरताना ठिपके काढूनच टाकतात. तुम्हीच शिकवलंत मला. तिला मुख्य करणार हे तुमच्या कानावर आलं नसतं, तर तुम्ही बोलला असतात? यंत्र बाळाच्या पोटावर झोपून राहिलं असतं."

विष्णूने नजर सात नंबरकडे वळवली.

"मला का बोलावलंत, तेही सांगते," ती म्हणाली. "दुसरा कोणी खाली खणेल अशी भीती होती. मी सुनीतीच्या नावापाशी थांबेन याची तुम्हाला खात्री होती. सहा आठवडे तुम्ही मला त्यासाठीच जपलंत."

बळवंतरावांनी हात पुढे केला. विष्णूने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि कोणाकडेही न बघता निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

बळवंतराव समितीला फोन करायला आत गेले. जाता जाता सुनीतीला म्हणाले, "सोमवारी सांगणार होतो ते आताच सांगतो. मुख्य तू."

सुनीती हसली नाही. अलकनंदाच्या संगणकावर अहवाल उघडाच होता. तिने तो वाचला. पहिलं वाक्य अजून तसंच होतं.

"हे कधी लिहिलंस, ताई?"

"अकराला."

"आणि गाडीचं कधी आठवलं?"

"अडीचला."

"आम्हाला बोलावलंस साडेतीनला."

"वीस मिनिटं जुने थर खणत होते."

"आणि बाकीची चाळीस?"

अलकनंदाने खोटं बोलायचा प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही. "नुसती बसले होते. तूच असावीस असं मला वाटत होतं. खूप वाटत होतं."

सुनीती तिच्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते, पण ते कशाने, राग की आणखी काही, कळायला मार्ग नव्हता. मग तिने ओढणीने चेहरा पुसला, टेबलाच्या टोकाशी गेली आणि एकेक करून बाराही बोर्डांची वीज बंद केली.

"ओळी सरळ करून नवा कर्नल मी बनवते," ती म्हणाली. "ठिपक्यांशिवाय. तो बाराही बोर्डांवर चढवायचा आणि टेस्ट पहिल्यापासून लावायची. तीन आठवडे. समिती थांबेल, नाही थांबली तर न सही. आणि मी लिहिलेलं मी तपासणार नाही. ते तू करायचंस, ताई. सोमवारी नऊला."

त्या जागी अलकनंदा असती तर तिने शब्दन् शब्द हाच हुकूम दिला असता, आणि दिवसभरात कशानेही झोंबलं नव्हतं इतकं तिला ते झोंबलं.

"येते," ती म्हणाली, आणि पहिलं वाक्य खोडायला बसली.